समोरच्या दारातला शनवारवाला

आमच्या समोरच्या दारात राहणारा म्हातारा शनिवारी लिफ्टचं बटन दाबत नसे. लिफ्टमध्ये चढायला त्याची हरकत नव्हती, बटन दाबायला होती. शनिवारी सकाळी फिरून आला की तो खाली लिफ्टजवळ हात मागे बांधून उभा राहायचा आणि छताकडे बघायचा. कोणी आलं की त्याच्या मागून आत शिरायचा. आलेला माणूस दुसऱ्या मजल्याचा असला तर हाही दुसऱ्यावर उतरायचा आणि तिथे पुन्हा छताकडे बघत उभा. चौथ्या मजल्यावर पोचता पोचता कधी कधी त्याची जेवणाची वेळ व्हायची.

जिना होता. पण जिन्याचं पुढे सांगते.

मी एकदा विचारलं, "काहून जी भाऊ, चौथा दाबा म्हणून सांगता येत नाई का लोकाईले?"

"नाई ना बाई. दुसऱ्याले करायले सांगनं म्हनजे आपनच केल्यासारखं झालं."

"मंग वाचमनले शुक्रवारीच सांगून ठेवा."

त्याचा चेहरा एकदम उजळला. "शुक्रवारी सांगतलं तं चालते का? प्रश्न आहे!"

प्रश्न आहे, हे तो दिवसातून इतक्या वेळा म्हणायचा की माझी सून त्याला मागून 'प्रश्नवाले' म्हणायची. बाकीची बिल्डिंग 'शनवारवाले' म्हणायची. मी तोंडावर भाऊ म्हणायचे आणि मनात अरे-तुरे करायचे. इथे मनातलंच लिहिते. तो काही वाचणार नाही, त्याचा चष्मा नेहमी हरवलेला असतो.

तो ज्यू होता. आपल्याकडच्या ज्यूंना बेने इस्राएल म्हणतात. मूळचे कोकणातले. तिकडे ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावचे लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. याचा बाप रेल्वेत लागून नागपूरला आला. हाही रेल्वेत सिग्नलच्या कामावर लागला आणि इथेच म्हातारा झाला. बोलणं आमच्यासारखंच, नागपूरचं. बायको वारलेली. एक मुलगी, ती लग्न होऊन इस्राएलला गेलेली. पूर्वी नागपुरात त्यांची थोडी घरं होती म्हणे. मग कोणी मुंबईला गेलं, कोणी तिकडे गेलं, कोणी वर गेलं. हा उरला.

आमच्या घरी याच्या बरोबर उलटं. मी लहान असताना बाप मला खांद्यावर घेऊन दीक्षाभूमीवर गेला होता. तेव्हा ते नुसतं मैदान होतं. परत आल्यावर त्याने घरातले सगळे देव टोपलीत भरून बाहेर काढले. देवांबरोबर उपास गेले, नवस गेले, कोणत्या वारी काय खायचं नाही ते गेलं. आई म्हणाली, बरं झालं, कामं कमी झाली. त्यामुळे एवढे नियम सांभाळणारा माणूस मी जवळून पहिल्यांदाच पाहत होते. आधी मला तो वेडा वाटला. नंतरही वाटला, पण सवय झाली.

आता जिन्याचं. आमचा जिना दिवसाही काळोखा. सोसायटीने तिथे आपोआप लागणारे दिवे बसवले. माणूस पुढे आला की दिवा लागतो. सगळे खूश झाले, हा सोडून. शनिवारी याच्या पायाने दिवा लागला म्हणजे यानेच लावला. म्हणजे शनिवारी जिनाही बंद. त्याने मुंबईच्या रब्बींना फोन केला. रब्बी म्हणजे त्यांचे धर्मगुरू. हे मुंबईवाले रब्बी फार सोशिक असावेत, कारण दर शुक्रवारी सकाळी हा त्यांना फोन लावून नवीन प्रश्न विचारायचा, आणि फोन स्पीकरवर ठेवायचा, त्यामुळे अख्ख्या मजल्याला ऐकू यायचं.

"रब्बीसाहेब, समजा मांजर पुढे गेली. तिच्यानं दिवा लागला. तिच्या मांगून मी गेलो. तं?"

रब्बींनी प्रश्न पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "मांजर तुमची आहे का?"

"नाई जी. सोसायटीची आहे."

रब्बींनी पुढे काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. पण त्यानंतर शनिवारी हा म्हातारा मांजरीच्या मागे जिना चढताना दिसायला लागला. मांजर थांबली की हा थांबायचा. मांजर अंग चाटायला बसली की हा पायरीवर बसायचा. शुक्रवारी संध्याकाळी तो तिला दूध पाजायचा. मी म्हटलं, ही लाच झाली. तो म्हणाला, "प्रश्न आहे."

माझं आणि त्याचं भांडण व्हायचं ते आडून बोलण्यावरून. शुक्रवारी दिवस मावळला की त्याचा शनिवार सुरू व्हायचा. एखादा दिवा लावायचा राहून गेला की हा अंधारात बसायचा. मला 'दिवा लावा' असं सांगायचं नाही. पण 'खोलीत अंधार आहे' असं म्हणता येतं म्हणे. तर दार उघडं ठेवून हा तेच म्हणत बसायचा.

"बाई, आज लय अंधार आहे."

"दिवा लावू का?"

"मी काई नाई म्हटलं."

"लावू का नको, एक सांगा."

"मले फक्त अंधार दिसून राहिला, बस."

"मंग बसा अंधारात. मले अशी आडून भाषा येत नाई."

आणि मी दार लावून घ्यायची. मग मला झोप येईना. शेवटी यावर तोडगा त्यानेच सांगितला, सहज गप्पांत, मंगळवारी. मी माझ्या कामासाठी दिवा लावला तर त्याला त्याच्या उजेडात बसता येतं. मग शुक्रवारी मी तांदूळ निवडायचं ताट घेऊन त्याच्या घरी जायची, माझ्यासाठी दिवा लावायची, आणि मी तांदूळ निवडीपर्यंत तो त्याची पुस्तकं वाचायचा. पहिल्याच शुक्रवारी तांदूळ झाले, मी ताट उचललं आणि सवयीने बटन बंद करून घरी आले. आमच्या घरी खोलीतून निघताना दिवा तसाच ठेवला तर बाप पाठीत घालायचा. त्याला 'बंद करू नका' असंही सांगता येईना. रविवारी बघितलं तर त्याच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी.

"काहून जी, काय झालं?"

"काई नाई. टेबल जाग्यावरच होतं."

उन्हाळ्यात तर विचारू नका. नागपूरचा मे महिना, आणि शनिवारी कूलर चालू करायचा नाही. त्याने आपोआप चालू-बंद करणारं एक यंत्र आणून कूलरला लावलं. मग लाईट गेली आणि यंत्राचं घड्याळ उलटंपालटं झालं. रात्रभर कूलर बंद आणि सकाळी हा फिरायला गेल्यावर चालू. शनिवारी दुपारी तो आमच्याकडे येऊन कूलरसमोर बसला. मी म्हटलं, "या, बसा." तो म्हणाला, "मी हवेसाठी नाई आलो. तुमच्या घरी पाव्हना म्हनून आलो. हवा आपली लागून राहिली." सूर्य मावळून आकाशात तारे दिसेपर्यंत हा पाहुणा उठला नाही. पाणी मात्र स्वतःच्या घरून बाटलीत आणलं होतं.

त्याचा उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक सण यायचा. त्या आठ दिवसांत त्यांच्या घरात गव्हाचं काही चालत नाही. पोळी नाही, रवा नाही, बिस्कीट नाही. नुसतं खायचं नाही असं नाही, मालकीचंही असायला नको. मग एवढं सामान टाकून द्यायचं का? तर त्यावर वाट अशी की ते सगळं दुसऱ्या धर्माच्या माणसाला विकून टाकायचं, सण झाला की परत घ्यायचं. आधी तो सोसायटीच्या सेक्रेटरीला विकायचा. सेक्रेटरी हसून 'हो काका, घेतलं काका' म्हणायचा. ते हसणं याला खटकायचं. मग त्याने मला धरलं.

त्याच्या स्वयंपाकघरात नेऊन त्याने मला रुमालाचं एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं, काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "हे कपाट आता तुमचं."

"सगळं?"

"सगळं. ही चाबी."

चौथ्या दिवशी माझ्या बहिणीकडचे लोक अचानक आले. घरात रवा नव्हता. माझं दुसरं कपाट समोरच होतं. मी चावी घेऊन गेले, रवा आणला, शिरा केला. बिस्किटांचे पुडे आणले, चहाबरोबर दिले. शेवयाही आणल्या, कणकेचा डबाही आणला, कारण आता उघडलंच होतं तर.

सून घाबरली. "आई, ते काका काय म्हणतील? ते नुसतं नावाला विकतात."

"नावाले कसं? रुमाल धरला मी."

सण संपल्यावर तो आला. कपाट उघडून बघितलं. रिकामं. मी म्हटलं, "मी खाल्लं. माझं होतं." तो दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभा राहिला. मला वाटलं आता भांडतो. तर त्याच्या डोळ्यांत पाणी. "बाई, आयुष्यभर विकून राहिलो. पयल्यांदा कोनी खाल्लं! म्हनजे खरंच विकल्या गेलं होतं!" लगेच त्याने मुंबईला फोन लावला आणि रब्बींना ओरडून सांगितलं की रवा गेला, बिस्किटं गेली, शेवया गेल्या. रब्बी अभिनंदन म्हणाले. मग याने मला उरलेली कणीक परत मागितली. मी म्हटलं, "नाई देत. चांगली आहे." तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. पण दुकानात जाऊन त्याने नवी कणीक आणली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मलाच विकलं. फक्त सणाआधी तो शेवया संपवायला लागला.

असा हा माणूस. मागच्या वर्षी मुलगी येऊन त्याला तिकडे घेऊन गेली. तिथली लिफ्ट म्हणे शनिवारी आपली आपण प्रत्येक मजल्यावर थांबते, कोणाला बटन दाबावं लागत नाही. व्हिडिओ कॉलवर मला सांगत होता, "काई मजा नाई बाई. कोनी येतच नाई लिफ्टपाशी."

पण तो जायच्या आदल्या वर्षी जे झालं ते सांगायचं राहिलं.

गणपती उठले की थोड्या दिवसांनी त्यांचा एक मोठा उपास येतो. जुने लोक त्याला दारफळणीचा सण म्हणायचे, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. पांढरे कपडे घालायचे, दार लावायचं, कोणाला शिवायचं नाही, आणि आज दिवस मावळल्यापासून उद्या तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. याला शुगरचा आजार. सकाळ-संध्याकाळ गोळ्या. त्याच्या आधीच्या वर्षी उपास सुटायच्या वेळी मी त्याच्या दारात धप्प असा आवाज ऐकला. दार ढकललं तर हा जमिनीवर, घामाने भिजलेला, मला 'स्टेशन मास्तर' म्हणत होता. मी तोंडात साखर कोंबली. दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्या धंतोलीच्या एका दवाखान्यात आहेत, तरुण आहेत, हुशार आहेत. त्या त्याच्यावर ओरडल्या, "काका, पुन्हा हा उपास केला तर मरून जाल. कळलं का?"

त्याने मान हलवली. पण नंतर शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, "तेव्हा मी शुद्धीत नव्हतो. ते लागू नाई."

मला तेव्हा कळलं नाही, लागू म्हणजे काय. मला एवढंच दिसत होतं की वर्षभर हा त्या डॉक्टरणीशी गोड बोलतो, नारळाच्या वड्या नेऊन देतो, आणि गणपती उठले की तिला चुकवायला लागतो. तिची स्कूटर आत आली की हा पाण्याच्या टाकीमागे. लिफ्टमध्ये ती असली की हा बाहेर. एकदा तर सेक्रेटरीच्या गाडीमागे खाली बसला होता, आणि उठता येईना म्हणून मलाच हात द्यावा लागला. तिने नुसतं "काका, शुगर..." म्हटलं की हा "आज नाई, आज बुधवार आहे" म्हणून पळायचा.

त्या वर्षी सण जवळ आला तेव्हा त्याच्या मुलीचा मला फोन आला. ती मला मावशी म्हणते.

"मावशी, पप्पा डॉक्टरला भेटले का?"

"भेटते कशाचा? लपून राहिला तो."

"लपणारच. आमच्या कायद्यात असं आहे मावशी, की डॉक्टर म्हणाला खा, तर खावंच लागतं. मग तुम्ही कितीही म्हणा मला गरज नाही. न खाणं हाच गुन्हा. म्हणून ते डॉक्टरच्या तोंडूनच ऐकत नाहीत. ऐकलंच नाही तर लागू होत नाही, असं त्यांचं चाललंय."

"आन् ते रब्बी?"

"रब्बी म्हणतात डॉक्टरला विचारा. पप्पा म्हणतात, हो हो, विचारतो."

"तू सांग ना."

"मी सांगून काय उपयोग? मी बँकेत आहे." मग ती रडायला लागली. म्हणाली, "या वेळी ते उठणार नाहीत मावशी. मला माहीत आहे." मी तिला सांगितलं, रडू नको, बघते.

सणाच्या आदल्या दिवशी याने दुपारीच दार लावून घेतलं. डॉक्टरीणबाई संध्याकाळी दवाखान्यातून आल्या तेव्हा मी खाली स्कूटरजवळच उभी होते. त्यांना तशीच वर घेऊन आले. दिवस मावळायला थोडा वेळ होता. मी दार वाजवलं.

"कोन?"

"मी. दार उघडा."

"एकल्याच आहे का?"

मी खोटं बोलत नाही. म्हटलं, "नाई."

आतून एकदम गाण्याचा आवाज सुरू झाला. त्यांची प्रार्थना, हिब्रूतली. एरवी तो ती पुटपुटतो, आज छतापर्यंत आवाज.

डॉक्टरीणबाई मला हळूच म्हणाल्या, "आजी, असं दाराबाहेरून ओरडून कसं सांगायचं? पेशंटची खासगी गोष्ट असते."

"तो मेला तं खासगी गोष्ट घेऊन काय करता? ओरडा!"

"काका," त्या ओरडल्या, "तुमची शुगर..."

आत आवाज वाढला. खालच्या मजल्यावरची दारं उघडली. डॉक्टरीणबाई ओरडत होत्या, हा गात होता, आणि मी दार बडवत होते. पण शेवटी माणूस म्हातारा. श्वास घ्यायला थांबला. तेवढ्यात त्या बाईने वाक्य आत टाकलं, "उद्या दिवसभर थोडं थोडं खायचं, पाणी प्यायचं आणि गोळी चुकवायची नाही!"

गाणं पुन्हा सुरू झालं नाही.

मी विचारलं, "ऐकू आलं का भाऊ?"

"नाई," आतून आवाज आला.

"काय नाई ऐकू आलं?"

"ते गोळी चुकवायची नाई म्हनते ते."

डॉक्टरीणबाईंनी तोंडावर हात धरला. मग कडी निघाली.

तो पांढरे कपडे घालून दारात उभा होता. रागावलेला नव्हता. हरलेल्या माणसासारखा दिसत होता. म्हणाला, "बाई, या गावात आता उपास धरनारा मी एकलाच उरलो. माझा बाप इथं धरे, माझी बायको धरे. उद्या मी खाल्लं तं नागपुरात हा सन झालाच नाई, असं होते. तुमाले समजते का?"

डॉक्टरीणबाई खाली बघायला लागल्या. त्यांना वाईट वाटलं असावं. मला नाही वाटलं.

"तुमी मेले तं पुढच्या वर्षी कोन धरन?" मी म्हटलं. "आन् त्याच्या पुढच्या?"

तो म्हणाला, "हे तं आमच्या पुस्तकात लिवलेलं आहे. एक सन मोडा, म्हनजे पुढचे सन पाळायले मानूस राहीन." आणि त्यातही त्याला हुरूप आला. लगेच आत गेला, कारण खाण्याचेही नियम होते. आजाऱ्याने उपासाच्या दिवशी खायचं ते एकदम नाही. एका वेळी अगदी थोडं, मग मध्ये वेळ जाऊ द्यायचा, मग पुन्हा थोडं. तसं खाल्लं तर ते पूर्ण खाणं धरत नाहीत. पाणीही एक गालभर होईल त्याच्या आतच. त्याने खोकल्याच्या औषधाचं झाकण काढून धुतलं, दिवस मावळायच्या आत मऊ भात करून ठेवला, आणि घड्याळासमोर खुर्ची मांडली. मोठा काटा दोन आकडे पुढे गेला की एक झाकण.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना कामावर जायचं होतं. म्हणाल्या, "आजी, लक्ष ठेवा. काका चुकवतील." सून माहेरी, मुलगा बुटीबोरीला कारखान्यात. मी उजाडल्यापासून त्याच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. हा माणूस खोटं बोलत नाही, पण विसरतो. काटा दोन आकडे गेला की याची प्रार्थना हमखास लांबायची.

"झाकन!"

मग पुस्तक खाली ठेवून हा एक झाकण भात तोंडात टाकायचा. कडू औषध घेतल्यासारखं तोंड करायचा. दुपारपर्यंत त्याचा पार वैताग झाला.

"याच्यापरीस उपास सोपा होता वं बाई. सकाळपासून जेवूनच राहिलो मी. माफी मांगायले टाइमच भेटत नाई."

"झाकन घ्या. माफी मंग मांगा."

"माफी कायची मांगायची होती तेच विसरलो."

"मांजरीले लाच दिली ते मांगा."

असा दिवस गेला. संध्याकाळी त्याने खिडकीतून आकाश बघितलं. एक तारा, दोन, मग तिसरा दिसला. तो उभा राहिला, अगदी नीट, स्वतःच्या पायांवर. टेबलावर आदल्या दिवशीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी झाकून ठेवलेली होती. मी म्हटलं, "बसा, जेवा. मीबी जातो आता, पोटात आग पडली."

तो जेवायला बसता बसता थांबला. "काहून? तुमी जेवल्या नाई?"

"कधी जेवू? तुमची झाकनं मोजू का सैपाक करू?"

"काल रात्री?"

"मी दिवस मावळायच्या आत जेवतो. रात्रीचं पचत नाई मले."

तो टेबलापासून मागे सरला. "पानी?"

"गोळीपुरतं. एक घोट."

"आनखी काई?"

"पोरगा सकाळी जाता जाता चहा देऊन गेला."

"चहा!" तो खुर्चीत धपकन बसला. मग हळूच विचारलं, "एकदम पेल्या का थोडा थोडा?"

"बशीत ओतून पेली. थोडासाच होता, एकच बशी."

"एक बशी. एका दमात?"

"थंड झाला होता. हो."

"बशी आना," तो म्हणाला.

"भाऊ, तुमी जेवा आधी. शुगर उतरन."

"बशी आना बाई. मी पोळीचा तुकडा खातो, तुमी बशी आना."

मी बशी आणली. चहा गालभराच्या आत भरला, तर माझा उपास धरता येणार होता. मग कळलं की नुसती बशी पुरत नाही. गालभर म्हणजे किती, ते ज्याच्या त्याच्या गालावर असतं. त्याचा गाल मोजून माझं ठरत नाही. त्याने मला पाण्याचा पेला दिला आणि एका गालात मावेल तेवढं पाणी भरायला सांगितलं. माझ्या त्या बाजूच्या दाढा कधीच गेल्या आहेत, त्यामुळे मावतं बरंच. मी एक गाल फुगवून उभी, तो औषधाचं झाकण धरून समोर, आणि तेवढ्यात लिफ्टचं दार उघडून डॉक्टरीणबाई आल्या.

"आजी! काका बरे आहेत ना? जेवले का?"

मला बोलता येईना. मी हाताने थांबा म्हटलं. मग वाटीत पाणी थुंकलं, आणि त्याने ते झाकणाने मोजलं. मग साधं पाणी घेऊन बशी मोजली. कपाळाला आठ्या पडल्या. पुन्हा मोजली.

"बशी काठोकाठ भरली होती का अर्धी?" त्याने विचारलं. पोळी हातात तशीच होती, एक तुकडा मोडलेली.

"अर्धी," मी म्हटलं.

त्याने अर्धी बशी मोजली, आणि मग वाटीकडे बघितलं, आणि हसला. "झाला," डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "नागपुरात झाला उपास." त्यांना काही कळलं नाही. हा बसला, आणि सगळ्या पोळ्या संपेपर्यंत उठला नाही.

मी चहा बशीत काठोकाठ ओतून पिते. लहानपणापासून.